सॉल्टपॅन रोडचा मुख्य गायक

६ जानेवारी
आजपासून रोज लिहिणार. कुणाला दाखवायचं नाही.
माझ्या बँडचं नाव ठरलं. सॉल्टपॅन रोड. आमच्याच गल्लीचं नाव. आमच्या या मेरीपोर्ट बंदरातून आजवर कोळसा आणि मासे यांखेरीज काही बाहेर गेलेलं नाही. यंदा जाणार.
माणसं: मी (गाणं, गिटार, शब्द, एकंदर दिशा). जोडी फिअरन, ड्रम. टेड बेन, वय त्रेसष्ट, रुळांच्या कारखान्यातून निवृत्त. तो टेबलासारखं आडवं ठेवलेलं स्टील गिटार वाजवतो. ते कुणीतरी हुंदके देतंय असं वाजतं, म्हणून आमचं संगीत कंट्री, म्हणजे अमेरिकन गावरान ढंगाचं. शिवाय धाकटी बहीण नेल. ती मागे उभी राहून सूर धरेल. खरं तर तिला व्हॅन चालवता येते म्हणून घेतली. मी लायसन्सच्या परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झालो. परीक्षकाचा आकस.
संकल्प: रोज दोन तास रियाज. बिअर बंद.

१९ जानेवारी
रियाज नाही. घसा जपतोय. बिअर शनिवारी चालेल असं आधीच ठरलं होतं, लिहायचं राहिलं.
टेड म्हणाला, "पोरा, तू बोलतोस मेरीपोर्टात आणि गातोस टेक्सासात. मधल्या समुद्रात बोट लागत नाही का तुला?" जोडी खुर्चीवरून पडेस्तोवर हसला. म्हाताऱ्यांना नव्याची भीती वाटते, हे समजून घेतलं.

१० फेब्रुवारी
पहिला कार्यक्रम. बंदरावरचा पब. वीस माणसं, त्यातली सहा आमची. तिसऱ्या गाण्यात माझा आवाज बसला. हवा कोरडी होती. नेलला म्हटलं, मी गरम पाणी पिऊन येतो तोवर काहीतरी गा. तिनं स्वतःचं गाणं गायलं. ती गाणी लिहिते हे मला ठाऊकच नव्हतं.
गाणं बाबांवर.
चार वर्षांपूर्वी बाबांचा कारखाना बंद पडला. तरी सात महिने ते रोज सकाळी डबा घेऊन निघायचे आणि साडेपाचला परतायचे. आल्यावर दारासमोर गाडीतच बसून राहायचे. वीस मिनिटं. हात स्टिअरिंगवर. आम्ही पडद्याआडून बघायचो. आई चहा पुन्हा गरम करायची. मग ते आत येऊन म्हणायचे, "आज फार काम होतं." कुणी कधी एक शब्द काढला नाही.
हे तिनं वीस माणसांसमोर गायलं. पबात फक्त मासे तळल्याचा आवाज. बारवाली डोळे पुसत होती, बहुधा व्हिनेगर उडालं असावं.
गाणं बरं आहे. पण पडदा मीच सरकवायचो. म्हणजे मूळ कल्पना माझी.

२६ फेब्रुवारी
कुणीतरी त्या रात्रीचं चित्रण इंटरनेटवर टाकलं. नव्वद हजार लोकांनी पाहिलं. मी कोपऱ्यात टोपी घालून पाणी पिताना दिसतो. एकानं लिहिलंय, "टोपीवाला शांत आहे, आवडला." शांतपणा ही माझी ताकद. यावर काम करायचं.

१८ मार्च
केंडल झालं, न्यूकॅसल झालं. दोन्हीकडे तिकिटं संपली. गाण्यांची यादी बदलली: नेलची सात, माझी दोन. सूचना माझीच, टेडनं फक्त आधी बोलून दाखवली. रेडिओवाला मुलाखतीला आला. नेलला विचारलं, घरच्यांना हे गाणं कसं वाटतं? ती गप्प झाली, म्हणून मीच चार मिनिटं बोललो. प्रक्षेपणात ती चार मिनिटं नव्हती. तांत्रिक अडचण.

९ एप्रिल
मँचेस्टरहून रेकॉर्ड कंपनीच्या अडेअर बाई आल्या. गाणं मेमध्ये ध्वनिमुद्रित करायचं, मग देशभर वाजवायचं. सगळ्यांशी हात मिळवला. मला म्हणाल्या, "आणि तुम्ही ड्रायव्हर ना?" मी सांगितलं, मला लायसन्स नाही. त्या जरा घाबरल्या.

१४ एप्रिल
बाबांची काळजी वाटते. निव्वळ काळजी. त्यांना या गाण्याचा पत्ताच नाही. ते पबात जात नाहीत, कुठेच जात नाहीत, शेजाऱ्याशीही कुंपणावरून हवामानापुरतं बोलतात. नेलनं आज स्वयंपाकघरात मला धरलं. म्हणाली, "मीच सांगणार त्यांना. समोर बसून गाऊन दाखवणार. मला धीर गोळा करू दे, ग्रेग. तोवर तोंड उघडू नकोस." मी शब्द दिला.

१६ एप्रिल
बाबांना सांगितलं. कुणीतरी सांगायला हवंच होतं. ते बटाटे सोलत होते. फोनवर गाणं लावून दिलं आणि म्हटलं, "तुम्हाला हे नको असेल तर सांगा, मी थांबवतो." त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. हात धुतले, पुसले. किल्ली घेतली, बाहेर गेले आणि गाडीत जाऊन बसले.
पन्नास मिनिटं.
आई खिडकीशी उभी. मला विचारलं, काय झालं रे? म्हटलं, काय माहीत.
बटाटे मी सोलले. तेवढं तरी केलं.

१७ एप्रिल
नेलला कळलं. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "तुला बाबांना वाचवायचं नव्हतं. तुला गाणं थांबवायचं होतं." साफ चूक. बरीचशी चूक. तिनं माझ्यासमोरच अडेअर बाईंना फोन करून गाणं रद्द केलं. बाबा जेवायला खाली आले नाहीत.
छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय. दुपारचा मटण पॅटिस शिळा असावा.

२२ एप्रिल
नेल बेकरीतल्या कामावरून येते आणि थेट वर जाते. मी एक नवीन गाणं सुरू केलं: गैरसमज झालेल्या भावावर. पहिली ओळ चांगली आहे. दुसरी येईना.

२ मे
आज तालमीत बाबा आले म्हणे. मी नव्हतो, तालमीचा निरोप मला पोचला नाही. टेडनं सांगितलं. बाबा अंगात जाड कोट घालून चर्चच्या हॉलमध्ये आले, दारात उभे राहिले. बाबा म्हणाले, "वीस मिनिटं नाही, पोरी. थंडीत तर तास व्हायचा. काच धुक्यानं भरायची. ते घाल त्यात." मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "हं. म्हण." ती दोनदा रडली, तिसऱ्यांदा गायली. मग अडेअर बाईंना फोन करून ध्वनिमुद्रण पुन्हा ठरवलं.
हे सांगताना टेड दोनदा नाक पुसायला थांबला. स्टील वाजवणारे हळवेच असतात.
म्हणजे मी सांगितलं ते योग्यच होतं. असं नेलला म्हणणार होतो. म्हटलं नाही. का कोण जाणे.

११ मे
बँड सोडला. कलाविषयक मतभेद. जोडीनं मुद्दे कागदावर लिहून आणले होते, मध्येच त्याला पुढचं वाचवेना, कागद टेडकडे दिला. नेल शेवटी म्हणाली, "बँडमध्ये तू नकोस. घरात हवा आहेस. दोन्ही ऐक."
पहिलं ऐकू आलं.
आता एकट्यानं गाणार. मोठे लोक एकटेच असतात.

८ ऑगस्ट
नेल, टेड आणि जोडी दौऱ्यावर. कुठल्याशा माळावरच्या जत्रेत पाच हजार लोकांनी बाबांचं गाणं तोंडपाठ म्हटलं. आई रेडिओला कान लावून. मी लायसन्सच्या परीक्षेत चौथ्यांदा नापास. यावेळी परीक्षक वेगळा होता. आकस पसरतोय.

२४ ऑगस्ट
माझा एकल कार्यक्रम, तोच पब. प्रेक्षक: आई. शिवाय दोन नॉर्वेजियन, जे शौचालय विचारायला आले आणि सभ्यपणे एक गाणं थांबले. मालकानं साडेसातला माइक काढला. म्हणाला, "झकास झालं, ग्रेग. आता क्विझची टेबलं लावायचीत. नेल कधी येणार आहे का रे इकडे?"

२१ सप्टेंबर
पबातली गुरुवारची क्विझ, म्हणजे प्रश्नोत्तरांची स्पर्धा. आमच्या टेबलावर बाबा, आई, दौऱ्यातून दोन दिवस सुटीवर आलेला टेड आणि मी. नेल लंडनला, मुलाखतीसाठी. गाणं रेडिओवर आल्यापासून कारखान्यातले जुने लोक आमचं दार ठोठावतात. एक जण बाबांना म्हणाला, "मी वाचनालयात बसायचो रे, पाच महिने. बायकोला अजून ठाऊक नाही." आता बाबा दर गुरुवारी बाहेर पडतात. पेन्सिल त्यांच्याचकडे असते.
शेवटच्या प्रश्नापर्यंत आम्ही आणि कोपऱ्यातल्या टेबलावरचे दातांचे डॉक्टर बरोबरीत. प्रश्न आला: आपल्या गावाचा सॉल्टपॅन रोड हा बँड कुणी सुरू केला?
सगळा पब आमच्याकडे वळून हसला. फुकटचा मार्क! टेड छत बघू लागला. आईनं माझ्या मनगटावर हात ठेवला. प्रश्नवाल्याच्या हातात वर्तमानपत्राचं कात्रण होतं, वर नेलचा फोटो, इथूनही दिसत होता.
बाबांनी पेन्सिल कागदावर टेकवली आणि माझ्याकडे बघितलं. घाई केली नाही.
"काय लिहू?" त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, "नेल लिहा."
त्यांनी लिहिलं. उत्तर बरोबर निघालं. एका मार्कानं जिंकलो. बक्षीस म्हणून सॉसेजची पिशवी मिळाली. आईनं घरी येऊन तळले. मी चार खाल्ले.