ग्रहणानंतर आडवं झालेलं भात आणि सून करिष्मा

मी, गुणाबाई बाळाराम भोईर, वय ७१, धंदा शेती, राहणार गणेशपुरी, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे, पूर्ण शुद्धीवर असताना, कुणाच्या दडपणाखाली नव्हे तर माझ्या मर्जीने हे मृत्युपत्र करून ठेवते. गुडघे सोडले तर मला दुखणं नाही. याआधी असा कागद मी केलेला नाही.

राहतं घर मुलगा दीपेश यास. तो वडप्याला गोदामात ड्युटी करतो. शेतात त्याचा जीव नाही, हे तोही कबूल करतो.

ओढ्याकाठचं भाताचं शेत माझ्या पतीने हयातीत माझ्या नावे केलं. ते संपूर्णपणे सून करिष्मा हिच्या मालकीचं होईल. कुणी हरकत घेईल म्हणून कारण लिहिते.

२०२२ च्या दिवाळीत सूर्यग्रहण लागलं. करिष्माला पाचवा महिना होता. त्या संध्याकाळी म्हैस दावं तोडून शेतात शिरली आणि तिला धरायला आम्ही दोघी धावलो. सूर्य चावा घेतलेल्या भाकरीसारखा मावळताना दिसला.

सकाळी पाहिलं तर पिकलेलं भात एका जागी आडवं. आकार गोल, आणि एका बाजूला तसाच चावा. बांधावर गाव जमला. गावातल्या आश्रमात आलेल्या एका पाहुण्याने मोबाइलवर विलायतेतल्या गव्हाच्या शेतांतली नक्षी दाखवली. म्हणाला, "ग्रहणाच्या सुमारास अशा खुणा उमटतात."

मी विचारलं, "प्रत्येक ग्रहणाला?"

तो म्हणाला, "तसं नाही. कधीतरीच जुळतं." माणूस सरळ होता.

माझी नणंद हौसा मात्र सगळ्यांदेखत म्हणाली, "ही गिराणात भाईर व्हती. ही खूण हिच्या पोरावर बी उठंल."

फाल्गुनात नात क्षितिजा जन्मली, ती वरचा ओठ फाटलेला घेऊन. हौसा बाळंतिणीला भेटायलाही आली नाही. करिष्मा मला म्हणाली, "आई, मी म्हशीमागं गेलेच नसते तर?"

मी म्हटलं, "म्हैस माझी, शेत माझं, ग्रहण सूर्याचं. तुझं त्यात काय?"

पण तिला ते पटेना. माझ्या जुन्या ओळखीच्या शमीमबाई नर्स होत्या. त्या आम्हाला ठाण्याला दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळाचा ओठ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच जुळायचा असतो. ग्रहण लागलं तेव्हा ते कधीच होऊन गेलं होतं." करिष्मा तिथेच ढसाढसा रडली. पुढे ऑपरेशन झालं. आता क्षितिजाची बडबड थांबवावी लागते.

शेतात त्या जागी पूर्वी उकिरडा होता. तो हलवून आम्ही त्या वर्षी पहिल्यांदाच भात लावलं होतं. खताने भात माजलं आणि वाऱ्याने पडलं. चाव्याच्या जागी खाली कातळ आहे, तिथे ते खुरटंच राहतं, म्हणून पडत नाही. पुढल्या वर्षी आपल्याकडे सूर्यग्रहण नव्हतं, तरी भात पुन्हा तस्संच आडवं झालं. तेव्हा करिष्मा पोरीला कडेवर घेऊन घरोघर गेली. म्हणाली, "चला, बघा." तिने गावाला बांधावर उभं केलं. त्या दिवसापासून शेत तीच पाहते. म्हणून ते तिचं.

तांब्याचा मोठा हंडा हौसाला द्यावा. मात्र तिने स्वतः येऊन तो करिष्माच्या हातून घ्यावा आणि जेवून जावं. तिच्यावरचा माझा राग मी सोबत नेते, मागे कुणी तो चालवू नये.

पुढल्या वर्षी ऑगस्टात पुन्हा सूर्यग्रहण आहे. ढग नसतील तर क्षितिजाला ग्रहणाचा चष्मा लावून दाखवावं. घरात कुणी पोटुशी असेल तर तिलाही.

आणि ग्रहण चालू असतानाच माझा जीव गेला, तर चूल बंद ठेवू नये. आलेल्याला चहा द्यावा, पोरांना गरम भात वाढावा.

हे मला वाचून दाखवलं, ते बरोबर आहे, म्हणून खाली सही करते.

सही: गुणाबाई बाळाराम भोईर

आमच्यासमक्ष सही केली. आम्हाला यातून काही मिळणार नाही.
साक्षीदार: १. शमीम नूर मोहम्मद मोमीन, कामतघर
२. कुमार भाऊ तरे, गणेशपुरी

ठिकाण: भिवंडी
दिनांक: १८ फेब्रुवारी २०२६