चुलीवरचा पुडा

पेण, ता. ९ फेब्रुवारी

चि. मृणालीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

तर पहिल्या दिवशी साखर मोजून घ्यायला सगळ्यात आधी कोण आलं असेल? शेजारची विमलबाई! तोंडाला पावडर लावून. बोट टोचायला पावडर कशाला गो, म्हटलं, तर फुगली. तुझ्या रोह्याच्या प्रयोगशाळेतली दिपिका नि साहिल तुम्ही बनवलेल्या साखर मोजायच्या पट्ट्यांचा पुडा आणि छोटं मशीन ठेवून गेले, त्याला आठ दिवस झाले. आपलं धरून सात घरं रोज सकाळी माझ्या ओटीवर. पुड्याला ओल लावू नका, असं साहिल बजावून गेला. आम्ही मिठागरातली माणसं, आम्हाला ओल शिकवतो! चुलीवरच्या शिंक्यात ठेवलाय, बियाणं नि सुके बोंबील राहतात तिथे.

आणि गुण बघ! ह्यांची साखर दोनशे साठ होती, काल अठ्ठ्याण्णव. सगळ्यांचीच उतरली. पट्टी नुसती मोजते म्हणतेस, पण तुझ्या हाताला गुण हाय. तुझे आजोबा म्हणाले, आता गोळी कशाला, आणि दोन वाट्या खीर खाल्ली. फोनवर तू नुसतं हूं हूं करतेस, म्हणून गावातला कान्हू तिकडे कारखान्यात शिफ्टला येतो, त्याच्या हाती हे पत्र धाडते. लोभ आटू देऊ नको.

तुझी आजी

रोहा, ता. १० फेब्रुवारी

ती. आजीस मृणालीचा सा. नमस्कार.

फोन लागत नाहीये, कान्हूदादा निघालाय, म्हणून घाईत. आजी, आजोबांची साखर उतरलेली नाही. पट्टीवर केसाहून कितीतरी बारीक कार्बनच्या नळ्या आहेत, त्यांना एन्झाइम चिकटवलेलं असतं. ते रक्तातल्या साखरेवर काम करतं, त्यातून वीज निघते, नळ्या ती मशीनला पोचवतात. वीज कमी, तर आकडा कमी. चुलीच्या धगीने नळ्यांना काही झालं नाही, एन्झाइम मात्र रोज थोडं थोडं मेलं. चूक आमचीही. ओलीचं सांगितलं, धगीचं नाही. आजोबांना आत्ताच दवाखान्यात ने. बाकीच्या सहा घरांनाही सांग. जीव थाऱ्यावर नाही. माया असू दे.

मृणाली

पेण, ता. ११ फेब्रुवारी

चि. मृणालीस आशीर्वाद.

दवाखान्यात ह्यांची साखर तीनशे ऐंशी निघाली. डॉक्टर मला ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. सुई दिली, ठेवून घेतलंय, इथेच बसून लिहिते. सहाही घरं कालच पायी फिरले. त्यातल्या जनूनेही गोळी सोडली होती, माझ्यासमोर घ्यायला लावली. विमलबाई म्हणाली, शिंक्यात बोंबीलच ठेव, माणसांचे जीव नको ठेवू. आता तीच डबा घेऊन आलीय.

साखर उतरतेय, पण हळू. मघाशी हे विचारत होते, मी घरी जाईन ना गो. मी म्हटलं, न जाऊन कसं चालेल, दिपिका नि साहिल नवा पुडा घेऊन येणार हायत, बोट कोण पुढे करणार? पोरं सोमवारी सकाळी येतो म्हणालीत.

तुझी आजी