देवळात बसले, कान घरी
निलंगा. सहावी माळ, संध्याकाळ.

आरती झाली. गल्लीतल्या बायका देवीच्या पाया पडल्या, जाताना माझ्याही. ओशाळल्यासारखं झालं. नवरात्रात घर सोडून देवळातच राहायचं, हे आमच्या गल्लीतलं जुनं व्रत. पण मी भक्तीनं बसले का? खरं म्हणजे थकले म्हणून बसले. इथं कुणी हाक मारत नाही. समई, गार फरशी आणि झोप.

तरी भिंतीपलीकडं आमच्या कुकरची शिट्टी झाली की मी अर्धी उठते. आजही उठले. गॅस बारीक केला का कुणी?

माझ्यासोबत बसलेल्या शेवंताकाकू हसल्या. "बस गं. मी बी दरसाल इसाव्यालाच येते."

"देवीला काय वाटंल, काकू?"

"काय वाटायचंय? तुळजापूरची आई नवरात्राआधी पलंगावर झोपतीच की. तिला कोण म्हणतंय, ऊठ, सैपाक कर?"

हसू आलं. मग उगाच रडू.

पुन्हा शिट्टी. ह्यांना गॅस बारीक करता येत नाही, असं इतकी वर्षं मीच सगळ्यांना सांगत आलेय.

वाजू दे. मी आडवी होते.