मोटरच्या खोलीचा तर्जुमा

आपा, तुमचं ऐकलं नाही ते बरंच केलं, असं मला अजूनही वाटतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. इतक्या वर्षांत माणूस नरम पडतो म्हणतात. मी पडले नाही. म्हणून आधीच सांगून टाकते, हे माफीचं पत्र नाही. पातूरच्या पुढच्या त्या गावात मी जे केलं ते आज करायची वेळ आली तरी करीन, तुम्ही पुन्हा रागावाल, आणि तुमच्या स्वयंपाकघरात आपलं तेच भांडण पुन्हा होईल. झालं तर मला आवडेल.

तुम्ही उर्दू शाळेतून रिटायर झाला होतात आणि बार्शीटाकळीच्या तुमच्या घरी संध्याकाळी आम्हा तिघी मुलींना इंग्रजी बोलायला शिकवत होतात. फळा नव्हता, बाकं नव्हती. तुम्ही पोळ्या लाटायच्या आणि आम्ही भिंतीला टेकून बसायचं. पहिल्याच दिवशी तुम्ही आवडत्या जागेबद्दल पाच वाक्यं बोलायला सांगितलीत. मी बारावीची गाईड पाठ केलेली. उभी राहून धाडधाड सुरू केलं, माय फेवरेट प्लेस इज गार्डन, देअर आर मेनी ब्यूटिफुल फ्लॉवर्स. तुमचं लाटणं थांबलं. "गार्डन कुठं पाहिलं तू?" मी म्हटलं, पाहिलं नाही. "मग झूठ काहून बोलून राहिली? अंग्रेजीत बोललं म्हंजे झूठ चालते का?" बाकीच्या दोघी हसल्या. माझे कान तापले. मी खाली बसायला लागले तर तुम्ही म्हणालात, उभीच राह्य, खरी जागा सांग, मग बस.

खरी जागा सांगायची मला लाज वाटत होती. माझी आई कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायची. तिथे सरकीचा ढीग असायचा, घराएवढा उंच. थंडीच्या दिवसांत तो आतून कोमट असतो. शाळा सुटली की मी त्याच्यावर चढून बसायचे. पाय गुडघ्यापर्यंत रुतायचे आणि खालून ऊब यायची. आईची सुट्टी होईपर्यंत मी तिथे बसून राहायचे. हे इंग्रजीत कसं सांगायचं? सरकीला शब्द येत नव्हता. तुम्ही म्हणालात, शब्द नाही येत तर वस्तू सांग, ती कशातून निघते ते सांग. मी म्हटलं, द सीड ऑफ कॉटन, बिग लाइक हाउस, वॉर्म इनसाइड. तुम्ही पुन्हा लाटायला घेतलंत आणि लाटता लाटता म्हणालात, "हं. आता आली अंग्रेजी." माझ्या बोलण्याबद्दल त्याआधी कोणी चांगलं काही बोललं असेल तर ते मला आठवत नाही.

पुढे कित्येक महिने आपलं तेच चाललं. आवडती जागा, सवयी, रिकाम्या वेळात काय करता, सकाळी उठल्यावर आधी काय दिसतं. सवयीच्या दिवशी आम्ही तिघींनीही आय गेट अप अर्ली सांगितलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "चांगली नको, खरी सवय सांगा." मग एकीने सांगितलं की तिला राग आला की ती भांडी आदळून आदळून घासते. आय वॉश व्हेसल्स लाउडली. तुम्ही इतक्या हसलात की तव्यावरची पोळी करपली. आपा, त्या वर्षांत अकोला आणि अमरावतीचं नाव दिल्ली-मुंबईच्या पेपरात एकाच कारणासाठी यायचं, शेतकऱ्यांच्या आत्महत्या. पेपर उघडला की आपल्याकडच्या कुठल्या ना कुठल्या घराचं दार, दारात बसलेली बाई, बाईच्या हातात फोटो. बाहेरून येणारा प्रत्येक जण आपल्याला एकच प्रश्न विचारायचा. आणि तुमच्या स्वयंपाकघरात मात्र आम्हाला विचारलं जायचं, तुला काय आवडतं? या प्रश्नाची किंमत मला तेव्हा कळत नव्हती. पातूरला कळली.

तुमचा भाचा दिल्लीला होता. त्याच्या ओळखीतून एक साहेब फिल्म काढायला आले, सोबत परदेशातली एक गोरी बाई आणि एक कॅमेरावाला. साहेबांना हिंदी येत होतं, पण बायका पुरुषांपुढे मोकळं बोलत नाहीत आणि आपली वऱ्हाडी त्यांना कळत नाही, म्हणून त्यांना एक मुलगी पाहिजे होती, दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे करणारी. तुम्ही माझं नाव सांगितलंत. जाताना मला दारात थांबवून म्हणालात, "बेटा, तर्जुमा म्हंजे अमानत असते. दुसऱ्याची चीज जशी दिली तशी पोचवायची. आपल्या पदरचं काही टाकायचं नाही." मी हो म्हटलं. मनापासूनच म्हटलं होतं.

त्या घरातली बाई माझ्याहून फार तर पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. नवरा मागच्या पावसाळ्यात गेलेला. सासू उंबऱ्याशी बसलेली, लहान मुलगी बाईच्या मांडीवर. आमच्या आधी बरेच लोक येऊन गेले असावेत, कारण आम्ही ओट्यावर चढताच ती आत गेली आणि न सांगता फोटो घेऊन आली. दोन्ही हातांनी छातीशी धरून बसली. कॅमेरा कुठे आहे ते बघून जरा तिरकी झाली, फोटोवर उजेड पडावा म्हणून. हे सगळं तिला पाठ झालं होतं, आपा. माझं गार्डन मला पाठ होतं, तसं.

साहेबांनी प्रश्न सांगितला, मी वऱ्हाडीत विचारला, तिने उत्तर दिलं, मी इंग्रजीत सांगितलं. दोन-तीन प्रश्न मी तुमच्या सांगण्याप्रमाणे नीट पोचवले. मग साहेब म्हणाले, तिला विचार, त्याला पहिल्यांदा कोणी पाहिलं, मुलीने पाहिलं का, तेव्हा मुलगी काय म्हणाली. मुलगी मांडीवर होती. तिला सगळं कळत होतं, ती माझ्याकडेच बघत होती. माझ्या तोंडातून तो प्रश्न निघेना. साहेब म्हणाले, विचार ना. कॅमेरा चालू. आणि मला दुसरं कोणतं इंग्रजी येत होतं? मी त्या बाईला विचारलं, "ताई, तुमची आवडती जागा कोणती?"

तिने फोटोवरून मान वर केली. मग म्हणाली, "काय म्हंजे?" मी म्हटलं, जिथं बसलं की तुम्हाला बरं वाटते अशी जागा. तिने एकदा सासूकडे पाहिलं आणि म्हणाली, "वावरात मोटरची खोली हाय ना, ते." मी विचारलं, काहून? "मोटर सुरू असली का कोणाचं काई ऐकू येत नाई. मी तिथं बसून गाणे म्हणतो. मोठ्यानं म्हणतो. लाइन गेली का चूप." फोटो तिच्या छातीवरून खाली आला होता, मांडीवर. मी हे सगळं त्या गोऱ्या बाईला सांगितलं, द रूम ऑफ वॉटर पंप, शी सिंग्ज लाउडली, व्हेन करंट गोज शी स्टॉप्स. मग मी नवऱ्याची सवय विचारली. चांगली नको, खरी. ती म्हणाली, "त्याले चायमंधी शेव टाकून खाची सवय होती. कप भरून शेव. पाहुण्याइच्या घरी बी. लाज आणे मले." आणि ती हसली. मुलीनेही तोंडावर हात ठेवला. सासू म्हणाली, "दात काढून राहिली वं, लोकं पाहून राहिले." त्यावर ती म्हणाली, "पाहू द्या. रडतानी रोजच पायतात."

कॅमेरावाल्याने कॅमेरा खाली केला. साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, हे आमच्या कामाचं नाही, हसणारी बाई कोण बघणार? मी उत्तर देणार तेवढ्यात ओट्यावरून तिनेच हाक मारली, "ओ बाई, त्या मॅडमले इचार, तिची आवडती जागा कोणती?" मी विचारलं. साहेब कपाळाला हात लावून उभे. ती गोरी बाई ओट्याच्या कडेला टेकली. मग तिने सांगितलं की तिची आवडती जागा तिची गाडी. संध्याकाळी घरापाशी आली की ती गाडी बंद करून थोडा वेळ तशीच आत बसून राहते, घरात जायच्या आधी. मी ते वऱ्हाडीत सांगितलं. ताईने मान हलवली, अगदी शेजारणीच्या घरची गोष्ट ऐकल्यासारखी, आणि म्हणाली, "म्हंजे तिची बी मोटरच निघाली."

हे वाक्य मला इंग्रजीत नेता आलं नाही. मोटर म्हणजे पंप आणि मोटर म्हणजे गाडी, हे कसं सांगणार? मी समजावत बसले, हात करून दाखवत बसले, आणि शेवटी त्या गोऱ्या बाईला ते कळलं, आणि तीही हसली, आणि तिचे डोळे भरून आले. साहेबांनी सामान आवरायला सांगितलं.

तुमच्याकडे बातमी माझ्या आधी पोचली. भाच्याचा फोन आला होता. त्याची मान खाली गेली होती, साहेबांचा दिवस वाया गेला होता. तुम्ही चहा ठेवलात, मला दिलात, मग बोललात. "तुले बोलायले शिकवलं, तोंड चालवायले नाही." मी म्हटलं, आपा, तो प्रश्न लेकरापुढे विचारायचा नव्हता. तुम्ही म्हणालात, "मग विचारत नाही म्हणून सांगायचं, उठून यायचं. दुसऱ्याचा प्रश्न बदलून आपला घालायचा हक तुले कोणी दिला? आज तू चांगल्यासाठी बदलला. उद्या कोणी वाईटासाठी बदलीन. अमानतीत खयानत ते खयानतच, बेइमानीच." मी म्हटलं, आणि त्या बाईचं बोलणं? ती अमानत नव्हती? लोक इतके वेळा आले, तिच्याकडून एकच वाक्य घेऊन गेले, बाकीचं तिच्याजवळच पडून होतं. ते कोणी पोचवायचं? तुम्ही म्हणालात, "तुले कोणी पोचवायले सांगितलं होतं?" मी म्हटलं, "तुमीच. पहिल्याच दिवशी." तुमचा चेहरा कसा झाला ते मला अजून दिसतं. तुम्ही माझा कप उचललात, त्यात चहा होता तरी उचललात, आणि मोरीत नेऊन धुतलात.

त्यानंतर मी क्लासला आले नाही आणि तुम्ही बोलावलं नाही. दिवाळी गेली, ईद गेली. तुमच्या घराकडून जिनिंगला जायचा रस्ता जवळचा होता, मी लांबच्या रस्त्याने जायचे. मग कळलं की तुमची तब्येत बिघडली आणि मुलीने तुम्हाला वलगावला नेलं. मला अमरावतीला एका कॉलेजात मुलाखतीला यायचं होतं. मुलाखत झाली, आणि बार्शीटाकळीला परतायच्या ऐवजी मी वलगावच्या गाडीत बसले. तुम्ही खाटेवर उशांना टेकून बसला होतात, हात अगदी बारीक झाले होते. कशी आहेस विचारलं नाहीत. म्हणालात, "काय म्हणाली होती ते? गाणे कुठं म्हणते?" मी सांगायला लागले तर तुम्ही म्हणालात, अंग्रेजीत. मी सगळं इंग्रजीत सांगितलं, मोटरची खोली, शेव, गाडी. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. संपल्यावर म्हणालात, "फिर से बोल." मी पुन्हा सांगितलं. मला वाटलं आता म्हणाल, बरोबर केलंस. तुम्ही म्हणालात, "चीज चांगली हाय. पण तुझं चुकलंच." मी म्हटलं, "नाही चुकलं, आपा." तुमच्या मुलीला वाटलं आम्ही भांडतोय. ती मधे पडायला आली, तर तुम्ही तिला हाताने थांबवलंत. निघताना तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि तो बराच वेळ काढला नाहीत. पण शब्द मागे घेतला नाहीत. मीही घेतला नाही. तुम्ही नुसत्या माझ्या समाधानासाठी हो म्हणाला असतात तर ते मला आयुष्यभर खुपलं असतं.

आता मी अमरावतीत इंग्रजी बोलण्याचे क्लास घेते. मालकाने छापील पुस्तक दिलंय, त्यात पहिल्या धड्यात गार्डन आहे. मी तो धडा घेत नाही. मालक म्हणतो, मॅडम, पालक तक्रार करतात, पोरं घरी येऊन म्हशीच्या गोठ्याचं इंग्रजी बोलतात. मी म्हणते, करू द्या. परवा एक मुलगा म्हणाला की त्याची आवडती जागा एसटीची शेवटची सीट, कारण तिथे उडायला मिळतं. बोलताना तो खरंच जरासा उडला. अशा पोरांना मी बागेत नेऊन बसवणार नाही. आणि इथे कोणी बाहेरचा येऊन त्यांना तोच एक जुना प्रश्न विचारायला लागला, तर त्यांनी आपला प्रश्न त्याला उलटा विचारावा, एवढं इंग्रजी मी त्यांना देणारच. तुम्हाला पटणार नाही. नका पटवून घेऊ.

हे कुठे पाठवायचं ते माहीत नाही, आणि माहीत असतं तरी पाठवलं नसतं. तुम्ही उत्तरात पुन्हा चूकच काढली असती. फक्त एक गोष्ट आहे जी मी कोणाला सांगितलेली नाही. वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. इतकी वर्षं शिकवूनही आत जायच्या आधी मी जिन्याच्या शेवटच्या वळणावर थांबते, छाती धडधडत असते, आणि पहिलं इंग्रजी वाक्य मनातल्या मनात दोनदा म्हणून बघते. पोरांना वाटतं, जिना चढून मॅडमला दम लागतो. मी त्यांना तसंच वाटू देते.