रजिस्टरात नाव नको

चंद्रपूर,
बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

चि. लोकेश यास,

तुझ्या थोरल्या बहिणीचे, बाईचे आशीर्वाद. तिकडे अहेरीत तू, दीपाली आणि लेकरं खुशाल असाल. घरी गडचांदूरला थंडी पडली आहे. तुझ्या भाऊजींना ठेकेदाराने घराजवळच्या खाणीवर घेतलं, तेवढी एक बातमी बरी.

पत्र पाहून हसशील. फोन करता आला असता, पण विमा कंपनीचा फोन आला की ते आधी तेच सांगतात, हे बोलणं रेकॉर्ड होत आहे. माझा नंबर त्यांच्याकडे आहे. मी तुझ्याशी बोलते तेही होत नसेल कशावरून? म्हणून कागदावर लिहून अहेरीच्या बसच्या कंडक्टरजवळ देते. पाकीट फोडलेलं दिसलं तर मला कळव.

आपली दिव्या इथे चंद्रपूरला दवाखान्यात आहे, रविवारपासून. मी तिच्याजवळच बसून लिहिते आहे. ताप आहे, छातीत भरलं आहे. दवाखाना खाजगी, फरशी लख्ख. काउंटरवरची मुलगी मात्र दिवसातून तीनदा पॉलिसीचा कागद मागते. एकदा दिला, मग पुन्हा कशाला पाहिजे?

भाऊबीजेला तू आला नाहीस. दसऱ्याला मी जे बोलले ते मनाला लागलं असेल. लागण्यासारखंच होतं. पण माझ्या जागी राहून बघ. एक बाई आमच्या गल्लीत दिव्याचं नाव विचारत फिरत होती. शेजारची गोकुळा म्हणाली, "बॅग होती तिच्याजवळ. काईतरी वहीत लिहून राह्यली होती." मी दाराला आतून कडी लावली. पुढच्या महिन्यात ती पुन्हा आली. कंपनीचीच असणार. मग कंपनीला खबर दिली कोणी? विम्याचा फॉर्म तुझ्या ऑनलाइन अर्जांच्या दुकानात भरला होता. तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक होतं?

गेल्या वर्षी विमा महाग झाला म्हणून ठेकेदाराने कामगारांच्या घरच्यांची नावं काढून टाकली. तेव्हा आपण खाजगी पॉलिसी घेतली. यंदा तिचाही हप्ता दीडपट झाला. भाऊजींनी आणि मी आपापली नावं कमी केली आणि एकट्या दिव्याचं ठेवलं. गोकुळाने तर सोडूनच दिली. आमच्या घरांच्या ओळीत आता विमा असलेला मोठा माणूस शोधावा लागतो.

फॉर्ममध्ये विचारलं होतं, आधीचा काही आजार? दिव्याला तर जन्मापासून रक्ताचा सिकलसेल. तू म्हणालास, "बाई, खरं लिहू. सिकलसेल लपवून लपत नाई." मी तुला बाजूला सारून 'नाही'वर स्वतः बोट दाबलं. ते तू दुकानात पाहिलंस. पुढचं तुला ठाऊक नाही.

इथवर लिहून मी खाली जाऊन चहा पिऊन आले. आता लिहितेच.

'नाही' लिहून माझं समाधान झालं नव्हतं. आरोग्य केंद्रात दर महिन्याला सिकलसेलच्या गोळ्या मिळतात. तिथे रजिस्टरात नाव चढतं, आधार नंबर चढतो. मला वाटलं, एक दिवस त्यांचा कॉम्प्युटर आणि कंपनीचा कॉम्प्युटर एक होतील आणि आपण पकडले जाऊ. म्हणून जानेवारीपासून मी दिव्याला गोळ्या आणायला जाऊ दिलं नाही. आजार असलेल्याला लाल कार्ड देतात ना, ते अंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घातलं. भाऊजींना सांगितलं, डॉक्टरांनीच गोळ्या बंद केल्या. दहा महिने पोर विनागोळीची राहिली, लोकेश. थंडी पडली आणि तिचं अंग धरलं.

रविवारी येताना ऑटोत तिला बजावलं, ताप आहे एवढंच सांग. हातपाय दुखतात म्हणू नको, त्यावरूनच ओळखतात. इथला डॉक्टर नवा, बाहेरगावचा. त्याने सरळ विचारलं, घरात सिकलसेल आहे का? मी म्हटलं, "नाई जी, शाळेत तपासलं होतं, काई निघालं नाई." त्याने विश्वास ठेवला. मी ठेवला नसता.

तीन दिवस ती ओढणी दातात धरून पडून होती. बावीस वर्षांची पोर. नर्स विचारायची, कुठे दुखतं? ती आधी माझ्याकडे बघायची, मग म्हणायची, "कुठीच नाई."

आज दुपारी ती गल्लीतली बाई वॉर्डात आली. मी खाटेपुढे उभी राहिले. तिचं नाव ज्योत्स्ना. ती कंपनीची नाही, आरोग्य केंद्रातली आहे. गोकुळाकडून कळलं म्हणून बस धरून आली होती. तरी मी तिचं ओळखपत्र मागितलं, उलटं करून मागूनही पाहिलं. तिच्या बॅगेत दिव्याच्या गोळ्या होत्या. म्हणाली, "चारदा आली मी तुमच्या घरी. दार काऊन नाई उघडलं, बाई? या तं फुकटच्या गोळ्या आहेत."

मला तिचा राग आला. मग तिच्यावर काढण्यासारखं काही सापडेना.

मी डॉक्टरकडे गेले आणि सगळं सांगितलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, आज सांगितलं नसतं तर उद्या फार उशीर झाला असता. त्याने लगेच रक्त चढवायला सुरुवात केली. अजून दोन दिवस काही सांगता येत नाही म्हणतो. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, क्लेम बसणार नाही, पॉलिसीही जाईल. जाऊ दे. सरकारी दवाखान्यात कधी हलवता येईल ते ज्योत्स्ना विचारून आली आहे. मी तिच्यावर विश्वास ठेवायचा प्रयत्न करते आहे.

खाटेजवळ आले तेव्हा दिव्या जागी होती. हळूच म्हणाली, "आई, आता हातपाय दुखते म्हनलं तं चालते ना?"

मी हो म्हणाले. मग ती जी ओरडली, तीन दिवसांचं एकदम ओरडली. सगळा वॉर्ड उठून बसला. मी तिला गप्प बस म्हटलं नाही.

चौकशीला कंपनीचा माणूस तुझ्याकडेही येईल. काही लपवू नकोस. 'नाही' बहिणीने लिहिलं, गोळ्या बहिणीने बंद केल्या, असं माझं नाव घेऊन सांग. तुझं नाव मी उगाच घेतलं होतं.

दिव्या मामा मामा करते. तिच्यासाठी ये. माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल.

तुझी चुकलेली बाई,
साधना