हँग झालं की पुढचा नंबर

६ ऑक्टोबर, सोमवार

पुन्हा हँग! आत्मारामकाकांची गाडी वळणावर आली आणि तिथेच थिजली. चाकं, धूळ, ढग, सगळं जागच्या जागी. माऊससुद्धा हलेना. काकांनी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले. "गाडी बंद पडली, उतरा सगळे!" म्हणाले आणि खुर्ची सोडली. मी मशीन बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत रखमाबाई खुर्चीत बसल्याही होत्या. हँग झालं की पुढचा नंबर – हा नियम कोणी केला माहीत नाही, पण पाळतात सगळे.

आणि याला मी डिजिटल साक्षरता केंद्र म्हणते! दसऱ्याला थाटात उद्घाटन केलं. सोसायटीच्या मीटरशेजारची रिकामी खोली, एका ऑफिसने भंगारात काढलेला कॉम्प्युटर, आणि मी – बी.ए., समाजशास्त्र, आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. फळ्यावर लिहिलं: ईमेल, मराठी टायपिंग, ऑनलाइन अर्ज. मनवेलपाड्यातला एकही ज्येष्ठ नागरिक मागे राहता कामा नये! माऊसची सवय व्हावी म्हणून मशीनमध्ये आधीपासून असलेला गाड्यांच्या शर्यतीचा जुना गेम लावून दिला. सवय झाली. फळ्यावरचं बाकी सगळं तसंच आहे.

७ ऑक्टोबर

सेक्रेटरी दयाराम राऊत जिन्यात भेटले. "दिवाळीनंतर बघू. माणसं येत असली तर ठेव तुझं केंद्र, नाहीतर गणपतीचं मखर ठेवायला खोली हवीय." मखर सध्या त्यांच्याच बाल्कनीत आहे, त्यामुळे त्यांची तळमळ समजू शकते.

पण मुद्दा खरा आहे. सारखं बंद पडणाऱ्या मशीनवर माणसं किती दिवस येतील? हँग थांबलंच पाहिजे. त्याशिवाय खोली टिकणार नाही.

९ ऑक्टोबर

इंटरनेटवर शोधलं. जुने गेम नवीन विंडोजवर अडखळतात, त्यांना जुन्या विंडोजचा भास करून द्यावा लागतो म्हणे. दिला. ग्राफिक्सचा जुना ड्रायव्हर काढून दुसरा टाकला. गेम उघडला, पण आकाश हिरवं! मला रडू यायचं बाकी होतं. रखमाबाई मात्र खूश. "बरं दिसतंय गो, भातासारकं. आता पानी तेवडं सोड."

मग हँग झालं.

१० ऑक्टोबर

आकाश निळं. हँग चालू.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आज मशीनपेक्षा सल्ले जास्त चालले. आत्मारामकाका एसटीत ड्रायव्हर होते, त्यांचं मत – ऑइल बदल. कार्मिन आंटी विणकामातून मान वर न करता म्हणाल्या, "बाय, तू ह्याला रविवारी पण चालवते. देवाने पण सुट्टी घेतली ना?" मनोरमाकाकूंच्या मते नजर लागली आहे. कोणाची, तेही त्यांनी सांगितलं – बाजूच्या बिल्डिंगची. त्यांच्याकडे केंद्र नाही ना.

मी रॅमची पट्टी काढून खोडरबराने घासली. एका व्हिडिओत सांगितलं होतं. आई नेमकी चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. "खोडायला ग्रॅज्युएट केलं होय तुला?"

१५ ऑक्टोबर

माणिकपूरला कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. मशीनचा फोटो दाखवला. दुकानदाराने तो आपल्या भागीदाराला दाखवला, भागीदाराने गिऱ्हाइकाला. "मॅडम, हे रिपेअर नाही करत. ह्याला हार घालतात." मी त्यांना सांगितलं की तंत्रज्ञान हे फक्त नवीन वस्तू घेऊ शकणाऱ्यांसाठी नसतं, ती सामाजिक विषमता आहे. ते म्हणाले, "बरोबर आहे. माऊसपॅड देऊ?"

घेतलं. छान आहे.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सापडलं!!!

दिवाळीची सुट्टी संपली, आज केंद्र उघडलं आणि ठरवून कॅबिनेटचं झाकणच काढलं. आत, पंख्याच्या पात्यांत – झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या. अक्षता. उदबत्तीची राख. आणि या सगळ्यावर कुंकवाचा थर. पंखा फिरतच नव्हता! मशीन तापायचं आणि तापलं की थिजायचं. ड्रायव्हर नाही, विंडोज नाही, बाजूची बिल्डिंगसुद्धा नाही!

उद्घाटनाला मशीनची पूजा मनोरमाकाकूंनी केली होती. मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्या अजिबात गडबडल्या नाहीत. "वर जाळी होती, मला वाटलं फुलं वाहायलाच ठेवलीय."

रंगकामाच्या ब्रशने सगळं साफ केलं. झाडून कचऱ्यात टाकणार, तेवढ्यात काकूंनी हात धरला. "अगं, निर्माल्य आहे ते!" पिशवीत भरून घेऊन गेल्या. नाल्यात टाकू नका, एवढंच मी म्हणू शकले.

पंखा फिरला. गेम लावला. वळण आलं, वळण गेलं! टाळ्या! पहिल्यांदा वाटलं, शिकलेल्याचं चीज झालं. घरी आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे केर काढलास."

२९ ऑक्टोबर

आत्मारामकाका दुपारी बसले. संध्याकाळी मी कुलूप लावायला आले तेव्हा पहिलीच शर्यत चालू होती.

काका शर्यतीत डाव्या बाजूने जातात. वळणावर हॉर्न देतात. बाकीच्या गाड्या कधीच पोहोचून संपलेल्या असतात, पण काकांची गाडी येईपर्यंत गेम संपत नाही. "काका, ओव्हरटेक करा ना!" "डबल लाइन आहे, दिसत नाही?" इतके दिवस कळलं नव्हतं, कारण त्या वळणापुढे ते कधी गेलेच नव्हते.

रखमाबाई, काकू, आंटी बाकावर बसून राहिल्या. नंबर आलाच नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

भांडण. रखमाबाई म्हणाल्या, "तुमची यष्टी कदी पोचनार? मी म्हातारी झाले इथं बसून." काका म्हणाले, "आयुष्यात एक अपघात नाही माझा. घाई करणाऱ्यांनी रिक्षाने जावं." रखमाबाई चप्पल घालून तडक निघाल्या. आंटींनी लोकर गुंडाळली आणि जाता जाता मला विचारलं, "तू हे बनवलं का बिघडवलं?"

मी घड्याळ लावून प्रत्येकाला वेळ वाटून द्यायचं सुचवलं. न्याय्य पद्धत! पण वेळ संपल्यावर काकांना ऊठ म्हणणार कोण? वयाने सगळ्यांत मोठे. काकू म्हणे तू सांग, मी म्हणे तुम्ही सांगा. मशीन उठवायचं तेव्हा कोणाला काही बोलावं लागत नव्हतं. काका हसत उठायचे.

हे माझ्या समाजशास्त्रात कुठेच नव्हतं.

३ नोव्हेंबर

फक्त काका.

४ नोव्हेंबर

आज काकाही नाहीत. घरी जाऊन विचारलं. "बघायला कोणी नाही तर चालवू कुणासाठी? रिकामी गाडी मी डेपोतच नेतो."

मशीन मात्र उत्तम चालतंय. मी एकटीने सबंध दुपार चालवून पाहिलं. एकदाही हँग नाही!

६ नोव्हेंबर, गुरुवार

सेक्रेटरींनी दारातून रिकामा बाक पाहिला. "रविवारी किल्ली दे." मी हात जोडले, म्हटलं आठवडाभर द्या, माणसं परत आणते. तर म्हणाले, "तोंडी काही सांगू नकोस मला. मी लेखीशिवाय काही बघत नाही." पॅसेजमध्ये काकू तुळशीला पाणी घालत होत्या, त्यांच्यासमोर हे सगळं! लाज वाटली.

आईने बँकेच्या परीक्षेची जाहिरात उशाशी ठेवली आहे. ते जास्त लागलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

फळा पुसायला गेले तर बाकावर सगळे बसलेले. काका, काकू, आंटी, रखमाबाई – रांगेत. गेम लावू का विचारलं. नको म्हणाले. काकूंनी फळ्याकडे बोट दाखवलं. "ते टायपिंग शिकव. अर्ज लिहायचाय."

माझ्या हातातलं फडकंच पडलं! अर्ज! स्वतःहून! एकेकाने एकेक ओळ टाइप करायची ठरली. काकांनी 'मा. सेक्रेटरी साहेब' लिहिलं, अक्षरामागून अक्षर, डाव्या बाजूने. मी शाबासकी देत होते. आंटींनी बोटं मोडून घेतली आणि म्हणाल्या, पुढे मी. मग काकूंनी लिहून आणलेला मजकुराचा कागद मी वाचला.

"कु. उन्नती हिने मशीन दुरुस्त केल्यापासून कोणालाही नंबर मिळत नाही. आपसांत भांडणे होत आहेत. तरी सदर मशीन पूर्ववत हँग करून मिळावे, ही विनंती."

माझ्याविरुद्ध! माझ्याच केंद्रात, माझ्याच मशीनवर, माझ्याकडूनच शिकून!

रखमाबाई 'पूर्ववत'पाशी अडल्या. "ह्यो वरचा आकडा कुठं हाय गो?" मी डोळे पुसले आणि रफार कसा द्यायचा ते दाखवलं. त्यांना पहिल्याच वेळी जमला.

माणिकपूरला जाऊन प्रिंट काढून आणली. पहिली सही आत्मारामकाकांची.

९ नोव्हेंबर, रविवार

सेक्रेटरी किल्ली न्यायला आले आणि अर्ज घेऊन गेले. लेखी तक्रार आहे म्हणजे केंद्र चालू आहे. तक्रार निकाली निघेपर्यंत खोली रिकामी करता येत नाही म्हणे. चौकशी करायला सगळ्यांत शिकलेलं माणूस हवं, म्हणून मलाच नेमलंय. मुदत घातलेली नाही!