बेंझॉल की बेंझिन

बालिकची, १४ ऑक्टोबर १९९५

मेदेर,

तुझं पत्र पोचलं. तुझी आई बरी आहे, गाय व्याली, ओशला तुझं डॉक्टरकीचं तिसरं वर्ष सुरू झालं, सगळं वाचलं. मीही ठीक. इथं तळ्यावरचा वारा डोक्यावर टोपी टिकू देत नाही. सध्या ट्रकमध्ये सफरचंदं भरतो. त्याआधी तलासला राजम्याच्या शेतात होतो, त्याआधी एका मेंढपाळाकडे. त्याचा कुत्रा तीन पायांचा, पण लांडगा दिसला की असा... जाऊ दे.

तू विचारलंस, न सांगता गाव का सोडलंस?

गेल्या आठवड्यात बाजारात ओस्मोन आगाय भेटले. आपल्याला रसायन शिकवायचे तसेच, कोटावर खडू सांडलेला. म्हणाले, "ओरोझ, परीक्षेत असं कसं केलंस रे?"

आधी दुसरं सांगतो. सेंद्रिय रसायन सुरू झालं तेव्हा अख्खा वर्ग रडकुंडीला आला होता. मी तर पुस्तक चुलीत घालणार होतो. तूच समजावलंस. हायड्रोजनच्या H ला आपण रशियन उच्चारानं 'आश' म्हणायचो, आणि तुझ्या आजोबांचा आश, म्हणजे वर्षाचं जेवण, नुकताच झालेला. तू पंगतच मांडलीस: प्रत्येक कार्बनभोवती चार जागा, जिथं दुसरा कार्बन बसला नाही तिथं आश वाढायचा. एका दुपारीत मला साखळ्या आल्या.

मग मे महिन्यात मी मेंढ्या कुरणात सोडायला गेलो आणि एक तास बुडाला. परत आलो तर तू कुंपणावर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत होतास.

"आज काय झालं?"

"बेंझॉल. बेंझिनच रे ते, गाडीत घालतात ते पेट्रोल. रशियनांची दोन नावं. तुला साखळी येतेच."

डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत मी प्रश्नाची चिठ्ठी उचलली: बेंझॉलची रचना काढा. मी खूश! आठ कार्बनांची साखळी, अठरा आश, एकही न चुकता. परीक्षक बाईंनी चष्मा वर केला. "पोरा, हे रोग्याला पाजायचंय की ट्रकमध्ये भरायचंय?" सगळे हसले. दाराशी तू तुझी पाळी येण्याची वाट बघत होतास. तू हसला नाहीस. दोन वर्षं मी त्यालाच मैत्री समजत आलो.

परत येताना बसमध्ये मी विचारलंही, "तू बेंझिनच म्हणाला होतास ना?"

"उलट सांगितलं होतं मी. तुझं लक्ष मेंढ्यांत."

आणि मी मानलं. गावासाठी जागा एकच होती, ती तुला मिळाली. तुझी पेटी मीच बसवर चढवली. वडिलांना म्हणालो, माझं डोकंच नाही त्यात. ते म्हणाले, "बरं झालं, मेंढ्यांना कार्बन लागत नाही." मग त्या गावात राहवेना.

आता आगायांचं ऐक. "दर वर्षी पोरं बेंझॉलला बेंझिन समजतात," म्हणाले, "म्हणून मेदेरला बजावलं होतं, ओरोझला आजच सांग, ते सहा कार्बनांचं कडं असतं. नंतर विचारलं तर म्हणाला, सांगायचं राहूनच गेलं."

मला म्हणालास, उलट सांगितलं होतं. त्यांना म्हणालास, राहून गेलं.

जागेचं मला एवढं नाही. तू हुशार, कदाचित तुलाच मिळाली असती. पण मी मठ्ठ आहे हे तू मला पटवून दिलंस, मेदेर. दोन वर्षं कुणी पुस्तक उघडलं की मी उठून जायचो. ते मला जमत होतं! आणि हे जगात फक्त तुला माहीत होतं.

इथल्या संध्याकाळच्या शाळेत नाव घातलंय. परवा बेंझॉलचं कडं काढलं. अवघड आहे, खोटं कशाला सांगू, चार वेळा खोडलं. पाचव्यांदा जमलं.

पुढच्या उन्हाळ्यात परीक्षेला ओशला येईन. भेटायला येऊ नकोस. आणि मला काही समजावायला तर मुळीच नको.

बाजारातल्या त्या दिवसापर्यंत तुझा,
ओरोझ